लाल वर्तुळाची साक्ष

दुसऱ्या महायुद्धातील जपानी विमान कसे ओळखायचे, असे विचारले तर बहुतेक जण एकच उत्तर देतात: पंखावरचा लाल गोळा. उत्तर बरोबर आहे. अडचण एवढीच की, त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि कृष्णधवल छायाचित्रात लाल रंग नसतो. असते ती फक्त करड्या रंगाची एक छटा. ती छटा लाल होती, निळी होती की हिरवी, हे आपण पाहत नाही. आपण ते गृहीत धरतो. आणि एकदा गृहीत धरले की छायाचित्राखाली ओळ लिहिली जाते, 'पाडलेले जपानी विमान'. पुढच्या पिढीला ती ओळच पुरावा वाटते.

हा प्रश्न केवळ छंदिष्टांचा नाही. १९४२ ते १९४५ या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मराठी मुलखातील हजारो तरुण होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे, नगर या भागांतून ते पलटणीत भरती झाले. त्यांपैकी जे परतले त्यांच्या ट्रंकेत पदके, पगारपुस्तिका आणि क्वचित चार-दोन छायाचित्रे असत. पुढे ही कुटुंबे मुंबईच्या चाळींत आली आणि १९८०-९०च्या दशकांत त्यांतली कितीतरी मीरा रोड-भाईंदरच्या नव्या इमारतींत गेली. आता त्याच इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरत आहेत. त्यांतले काही रद्दीत जाते, काही फोनवर फिरू लागते. मी भाईंदरला राहतो आणि नोकरीची सगळी वर्षे एका छापखान्याच्या प्रोसेस खात्यात, म्हणजे निगेटिव्ह आणि फिल्म यांच्या सहवासात काढली. त्यामुळे आसपासचे लोक जुने फोटो घेऊन माझ्याकडे येतात. विमानांचे फोटो त्यांत अनेकदा असतात आणि जवळजवळ प्रत्येकावर नंतर कोणीतरी 'जपानी' असे लिहिलेले असते. काही वेळा ते खरे असते, काही वेळा नसते. ते कसे ठरवायचे आणि ठरवण्याचा खटाटोप का करायचा, हा या लेखाचा विषय आहे.

लाल न दिसणारी फिल्म

सुरुवात विमानापासून नव्हे, फिल्मपासून करावी लागते. त्या काळी दोन प्रकारच्या फिल्म वापरात होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा आणि हिरवा प्रकाश कळतो, लाल कळत नाही. म्हणूनच तशी फिल्म लाल दिव्याच्या उजेडात धुता येते. आमच्या प्रोसेस खात्यात दिवसभर तो लाल दिवा जळत असे. फिल्मच्या लेखी तो अंधारच होता. पँक्रोमॅटिक फिल्मला मात्र सगळे रंग कळतात, त्यामुळे ती पूर्ण अंधारात हाताळावी लागते.

याचा परिणाम छायाचित्रावर कसा होतो पाहा. ऑर्थो फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो, पिवळाही काळपट होतो आणि निळा मात्र फिकट पडतो. पँक्रोमॅटिक फिल्मवर लाल मध्यम करडा दिसतो आणि गडद हिरव्या रंगाशेजारी तो इतका मिसळून जातो की वर्तुळाची कड शोधावी लागते. म्हणजे एकाच विमानाचे, एकाच दिवशी, दोन कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो दोन वेगळ्या विमानांचे वाटू शकतात.

आपल्या हाती असलेला फोटो कोणत्या फिल्मवरचा, हे ओळखायला त्याच चित्रातील माहितीच्या वस्तू उपयोगी पडतात. निळे आकाश अगदी पांढरे, ओठ आणि उन्हाने रापलेली कातडी नेहमीपेक्षा काळी दिसली, तर फिल्म ऑर्थो असण्याचा संभव मोठा. चित्रात एखादा लाल फीतवाला किंवा ओळखीच्या रंगाचा झेंडा असेल तर काम आणखी सोपे होते. आधी फिल्म ठरवावी, मग वर्तुळाकडे वळावे.

आपल्या किनारपट्टीच्या हवेत आणखी एक गोष्ट घडते. खाडीची दमट, खारी हवा लागलेल्या जुन्या प्रिंटवर काळ्या भागांत चांदीसारखी चकाकी येते आणि फिकट भाग पिवळे पडतात. वर्तुळाच्या आत नेमकी तशी चकाकी आली की गडद चकती मध्येच उजळ भासते. म्हणून प्रिंट तिरपी धरून, खिडकीच्या उजेडात हलवून पाहावी. चकाकी हलते, छायाचित्रातली छटा हलत नाही.

सूर्याची चकती आणि तिचे नियम

जपानी विमानांवरच्या लाल चकतीला 'हिनोमारू' म्हणतात, म्हणजे सूर्याचे वर्तुळ. ती दोन्ही पंखांवर वरून आणि खालून असे. धडाच्या बाजूंवर मात्र ती नेहमीच असे असे नाही, आणि इथेच पहिला उपयोगी भेद सापडतो.

जपानला स्वतंत्र हवाई दल नव्हते. भूदलाची विमाने वेगळी आणि नौदलाची वेगळी. कारखाने, नावे, रंग, क्रमांक देण्याच्या पद्धती, सगळेच वेगळे. नौदलाच्या विमानांच्या धडावर चकती असे. भूदलाच्या विमानांच्या धडावर ती युद्धाच्या सुरुवातीला साधारणपणे नसे. १९४२ नंतर ती दिसू लागते. त्यामुळे ब्रह्मदेशात पडलेल्या एखाद्या लढाऊ विमानाच्या पंखावर चकती आहे आणि धड कोरे आहे, तर ते भूदलाचे आणि युद्धाच्या पहिल्या पर्वातले असण्याची शक्यता वाढते.

पुढे विमानांचा वरचा भाग गडद हिरवा रंगवला जाऊ लागला, तेव्हा चकतीभोवती पांढरी कड आली. जपानच्या मुख्य भूमीच्या रक्षणासाठी ठेवलेल्या भूदलाच्या विमानांवर चकतीमागे पांढरा पट्टा असे. आघाडीवरच्या विमानांच्या शेपटीआधी धडाभोवती पांढरा पट्टा असे. एक पांढरा पट्टा कुठे आहे, एवढ्यावरून विमान घरी होते की रणांगणात, याचा अंदाज बांधता येतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र साधी आहे. हिनोमारू ही भरीव चकती आहे. तिच्याभोवती कड असेल, मागे पट्टा असेल, पण तिच्या पोटात दुसरे वर्तुळ कधीही नसते. पुढे हे आपल्याला लागणार आहे.

शेपटीवरची अक्षरे

चकती देश सांगते. शेपटी गाव आणि घर सांगते. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर गेलेल्या जपानी विमानवाहू जहाजांच्या विमानांवर शेपटीवर रोमन अक्षर, रोमन आकडा आणि मग तीन अंकी क्रमांक असे. 'ए' आणि एक म्हणजे अकागी, 'ए' आणि दोन म्हणजे कागा. 'बी' एक सोर्यू, 'बी' दोन हिर्यू. 'ई' एक शोकाकू, 'ई' दोन झुइकाकू. तीन अंकी क्रमांकाचा पहिला आकडा कामगिरी सांगे: एक म्हणजे लढाऊ, दोन म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारे, तीन म्हणजे टॉर्पेडो किंवा सपाट उड्डाणातून बॉम्ब टाकणारे. धडाभोवती जहाजाच्या रंगाचे पट्टेही होते. अकागीचा एक लाल, कागाचे दोन लाल, सोर्यूचा एक निळा, हिर्यूचे दोन निळे, शोकाकूचा एक पांढरा, झुइकाकूचे दोन पांढरे.

आता फिल्मचा धडा इथे लावून पाहू. फिकट राखाडी विमानावर एकच पट्टा दिसतो आहे. ऑर्थो फिल्मवर तो काळाशार असेल तर लाल, म्हणजे अकागी. फिकट करडा असेल तर निळा, म्हणजे सोर्यू. जी फिल्म रंग लपवते तीच, तिचा स्वभाव माहीत असला तर, रंग सांगूनही टाकते.

या सहापैकी कागा सोडून पाच जहाजे एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात आली. ५ एप्रिलला कोलंबो आणि ९ एप्रिलला त्रिंकोमाली येथे त्यांच्या विमानांनी हल्ले केले. याच मोहिमेत ६ एप्रिलला ऱ्यूजो या लहान विमानवाहू जहाजाच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब टाकले. भारताच्या भूमीवर नौदलाची जपानी विमाने आली ती अशी.

भूदलाची पद्धत वेगळी. त्यांच्या पथकाला 'सेन्ताई' म्हणत आणि प्रत्येक सेन्ताईचे शेपटीवर स्वतःचे चिन्ह असे. ब्रह्मदेशावर दीर्घकाळ लढलेल्या ६४व्या सेन्ताईची खूण बाण ही होती. उपतुकडीनुसार बाणाचा रंग बदले. या पथकाचा प्रसिद्ध प्रमुख लेफ्टनंट कर्नल तातेओ कातो २२ मे १९४२ रोजी बंगालच्या उपसागरावर मारला गेला. एका ब्रिटिश ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमानाच्या तोफचीने त्याचे विमान टिपले. ५०व्या सेन्ताईची खूण विजेच्या लोळासारखी होती.

नौदलाच्या काही तळांची नावे जपानी लिपीच्या आद्याक्षराने दाखवली जात. योकोसुका तळाच्या विमानांवर 'यो' हे अक्षर असे. लोकवर्गणीतून दिलेल्या विमानांवर तर देणगीदाराच्या नावासह ओळ रंगवलेली असे: भूदलाच्या विमानावर 'आइकोकू', म्हणजे देशप्रेम, आणि नौदलाच्या विमानावर 'होकोकू', म्हणजे देशसेवा. हा प्रकार आपल्यालाही परका नाही. ब्रिटिश हवाई दलात हिंदुस्थानातून आलेल्या देणग्यांवरून नावे मिळालेली पथके होती. १२४वे पथक 'बडोदा' नावाचे होते, १२२वे 'मुंबई' आणि १३२वे 'मुंबई शहर'. गायकवाडांच्या राजधानीचे नाव लावलेले पथक युरोपच्या आकाशात लढत होते, त्याच काळात जपानी शाळकरी मुलांच्या पैशांतून उभारलेली विमाने पूर्वेकडे उडत होती.

एक सावधगिरी. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली की डावे उजवे होते. देवनागरीत उलटा 'क' आपल्याला लगेच खटकतो. जपानी अक्षरांबाबत तसे होत नाही, आणि त्या काळी आडवे लिखाण उजवीकडून डावीकडेही केले जाई. म्हणून अक्षरांच्या क्रमावरून फोटो उलटा असल्याचा निष्कर्ष काढू नये. शेपटीवरचे इंग्रजी आकडे, शिपायांच्या शर्टाच्या गुंड्या, उजव्या हाताने धरलेली बंदूक यांवरून तो काढावा.

सगळीच 'झिरो' नव्हेत

महायुद्धाच्या आठवणींत 'झिरो' हा शब्द इतका रुळला आहे की प्रत्येक जपानी लढाऊ विमान झिरोच ठरते. हे नाव कालगणनेवरून पडले. जपानी विमानांचे प्रकार त्यांच्या शाही संवत्सराच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखले जात. १९४० साल, म्हणजे आपले शके १८६२, हे त्यांचे २६०० वे वर्ष. त्या वर्षी स्वीकारलेले नौदलाचे लढाऊ विमान म्हणून ते शून्य प्रकारचे. २५९७ सालचे, म्हणजे १९३७चे, भूदलाचे जड बॉम्बफेकी विमान म्हणून ते ९७ प्रकारचे. आपल्याकडे शक आणि इसवी सन यांचा घोळ होतो तसाच इथेही वाचकाचा घोळ होऊ शकतो.

झिरो हे नौदलाचे विमान. ब्रह्मदेश-इंफाळ आघाडी मुख्यतः भूदलाची. तिथल्या आकाशात सर्वाधिक दिसे ते भूदलाचे नाकाजिमा की-४३, जपानी नाव हायाबुसा, म्हणजे बहिरी ससाणा. दोस्तांनी ठेवलेल्या सांकेतिक नावांत लढाऊ विमानांना पुरुषांची आणि बॉम्बफेकी विमानांना स्त्रियांची नावे होती. हायाबुसाला 'ऑस्कर' म्हणत आणि कोलकात्यावर आलेल्या ९७ प्रकारच्या विमानाला 'सॅली'. अपवाद आहेत. ५ डिसेंबर १९४३ रोजी कोलकात्याच्या गोदीवर दिवसाढवळ्या झालेल्या हल्ल्यात नौदलाची विमानेही होती. पण इंफाळच्या रानातल्या एखाद्या जपानी लढाऊ विमानाला 'झिरो' म्हणण्यापूर्वी पंखाची पुढची कड पाहावी. झिरोच्या प्रत्येक पंखात एक तोफ असे. हायाबुसाच्या पंखात शस्त्रच नसे; त्याच्या बंदुका नाकावर होत्या. कड गुळगुळीत असेल तर ते झिरो नव्हे.

आपल्या विमानांवरचा लाल कसा गेला

ब्रिटिश आणि भारतीय विमानांवर निळ्या, पांढऱ्या, लाल वर्तुळांची खूण असे, मध्यभागी लाल ठिपका. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर हा लाल ठिपका जीवघेणा ठरू लागला. खालून तोफ रोखून उभ्या असलेल्या शिपायाला किंवा वरून झेप घेणाऱ्या वैमानिकाला क्षणभर लाल दिसले की बोट चापावर जाई. म्हणून १९४२च्या मध्यापासून आग्नेय आशियातील विमानांवरचा लाल रंग पुसण्यात आला. पुढे तिथली खूण ठरली ती गडद निळे वर्तुळ आणि त्याच्या पोटात फिकट निळे. शेपटीवरची पट्टीही तशीच दोन निळ्यांची.

अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यामधला लाल ठिपका काढला. १९४३च्या उन्हाळ्यात ताऱ्याच्या बाजूंना पट्ट्या जोडून भोवती लाल किनार दिली, आणि दोन-तीन महिन्यांत ती किनारही निळी केली. लाल रंगाला दोनदा रजा मिळाली. १९४५च्या सुमारास आग्नेय आशियातील लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टेही आले, तेही आपल्यांनी आपल्यालाच मारू नये म्हणून.

भारतीय हवाई दलाच्या इतिहासात याचे थेट पडसाद आहेत. फेब्रुवारी १९४२ मध्ये करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली पहिले पथक ब्रह्मदेशात लायसँडर विमाने उडवत होते. टेहळणीच्या या संथ विमानांना बॉम्ब लावून त्यांनी जपानी तळावर हल्ला केला. ती विमाने लाल ठिपका असलेली होती. दोन वर्षांनी अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हेच पथक इंफाळच्या वेढ्यात हरिकेन विमाने उडवत होते, तेव्हा खूण दोन निळ्यांची होती. म्हणजे भारतीय विमानाच्या फोटोत लाल ठिपका ठळक दिसला तर तो युद्धाच्या आरंभीचा. फिकट पोटाचे गडद वर्तुळ दिसले तर नंतरचा. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आणि मग आजचे केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ आले.

जपानी विमानांची भीती इतकी पसरली होती की, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला तेव्हा जपान्यांनी बॉम्ब टाकल्याची आवई शहरात उठली. प्रत्यक्षात जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि आग तिथेच लागली होती. त्याच जहाजावर आपल्याच बाजूची स्पिटफायर लढाऊ विमानेही होती. न दिसलेले जपानी विमानही लोक पाहत होते. मग दिसलेले कोणतेही विमान जपानी ठरावे यात नवल नाही.

खूण एकाची, विमान दुसऱ्याचे

खूण रंगाची असते आणि रंग बदलता येतो. सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश येथे हाती लागलेली हरिकेन, बफेलो, पी-४० ही विमाने जपान्यांनी लाल चकत्या रंगवून उडवली. थायलंडकडे जपानी बनावटीची लढाऊ विमाने होती आणि त्यांच्यावर पांढरा हत्ती होता. युद्ध संपल्यावर मलायातील तेब्राऊ येथे ब्रिटिशांनी ताब्यातली जपानी विमाने आपल्या निळ्या खुणांसह उडवून तपासली. तेव्हा चकतीवरून बनावट ठरत नाही आणि बनावटीवरून मालक ठरत नाही. आकार आणि खूण यांचे जबाब वेगवेगळे घ्यावेत.

ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीची बोलणी करायला निघालेली जपानी विमाने पांढरी रंगवून त्यांवर हिरवे क्रूस काढले होते. कृष्णधवल फोटोत तो क्रूस काळसर दिसतो आणि पाहणारा त्याला रेडक्रॉसचे विमान म्हणून मोकळा होतो. इथेही रंग आपण आपल्या मनातून घालतो.

आज हे काम यंत्र करते. फोनवर जुन्या फोटोत रंग भरण्याच्या सोयी आहेत. त्या रंग शोधून काढत नाहीत, अंदाजाने भरतात. विमानाच्या पंखावर गडद वर्तुळ दिसले की ते लाल होण्याची दाट शक्यता असते. मग करड्या रंगातली उरलीसुरली शंकाही पुसली जाते.

एक काना

आता एका फोटोविषयी. भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या एका आजींनी तो दाखवला. त्यांचे सासरे सातारा जिल्ह्यातले, मराठा पलटणीत होते. इमारत रिकामी करताना फोटो सापडला आणि नातवाला तो सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात मोठा करून लावायचा होता. त्याने फोनवर रंग भरून घेतला होता. पंखावरचे वर्तुळ लालभडक झाले होते. मागे शाईने, बाळबोधीत लिहिले होते: 'जपानी विमान पाडले.' ते अक्षर आपल्या मोठ्या दिरांचे, असे आजींनी लगेच सांगितले. सासऱ्यांनी बंदुकीने विमान पाडले, ही घरातली जुनी गोष्ट होती.

मूळ प्रिंट भिंगाखाली घेतली. वर्तुळाच्या पोटात फिकट वर्तुळ होते. तिरपे धरून हलवल्यावरही ते जागचे हलले नाही, म्हणजे चकाकी नव्हती. पंखाच्या पुढच्या कडेतून दोन जाड नळ्या बाहेर आलेल्या होत्या. धडाचा मागचा भाग जळून नुसता सांगाडा उरला होता, बारीक नळ्यांचा पिंजरा. हायाबुसाचे धड पत्र्याचे असते. जळाले तरी त्याचा असा पिंजरा होत नाही. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग मात्र धातूच्या नळ्यांवर लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेले कापड असा असे. कापड जळाले की नळ्या उरतात. प्रत्येक पंखात दोन तोफा असलेला हरिकेनचा प्रकार या आघाडीवर होता. तीन साक्षी वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकाच ठिकाणी थांबल्या.

मग शाईच्या ओळीखाली पुसट पेन्सिल दिसली. मोडी अक्षरे होती. मोडी शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी ती वाचली: 'विमान पडले. आतले साहेब गेले. इंफाळ. ज्येष्ठ १८६६.' शके १८६६चा ज्येष्ठ म्हणजे १९४४चा मे-जून, इंफाळची लढाई ऐन भरात असतानाचा.

शिपायाने 'पडले' लिहिले होते. मुलाने, बहुधा शाळकरी वयात, 'पाडले' केले. मोडीत घाईने ओढलेला काना असा निसटतो किंवा नसताना दिसतो. शिवाय वडिलांच्या पराक्रमाची ओढ होतीच. पण पेन्सिलीच्या त्या ओळीत मला विमानाच्या खुणेइतकीच पक्की दुसरी खूण दिसली. 'साहेब गेले.' शत्रूच्या वैमानिकाला पलटणीतला शिपाई साहेब म्हणाला नसता, आणि 'गेले' असे आदरार्थी तर मुळीच लिहिले नसते. आत आपल्याच बाजूचा अधिकारी होता. तो भारतीय होता की ब्रिटिश, हे फोटो सांगत नाही.

आजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे भाऊ, मामंजी खोटं बोलले?"

मी म्हटले, "नाही आजी. मामंजींनी खरं तेच लिहिलंय. पुढच्यांनी त्यात काना घातला."

त्या थोडा वेळ फोटोकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तरीच ते हसत नाहीत यात." आम्ही सगळे इतका वेळ वर्तुळ पाहत होतो. विमानाशेजारच्या चौघा शिपायांनी टोप्या काढून हातात घेतल्या आहेत, हे तोवर कोणीच पाहिले नव्हते.

पाठीमागे काय लिहावे

खोटी ओळ निरुपद्रवी नसते. आग्नेय आशियात बेपत्ता झालेल्या आणि ज्यांना कबर किंवा दहनस्थान लाभले नाही अशा वैमानिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत भारतीय हवाई दलाचेही आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पथकांच्या रोजनिशा आहेत, त्यांत कोणते विमान कोणत्या दिवशी परतले नाही याच्या नोंदी सापडतात. ब्रिटिश पद्धतीच्या विमानांवर शेपटीआधी धडावर अनुक्रमांक असे. एखाद्या फोटोत त्यातली दोन अक्षरे जरी वाचता आली तरी एका घरची साठ-सत्तर वर्षांची चौकशी संपू शकते. त्याच फोटोवर 'जपानी' लिहिले असेल तर तो शोधणाऱ्यापर्यंत पोहोचणारच नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्यांनी काही गोष्टी कराव्यात. फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. पाठ अनेकदा पोटापेक्षा अधिक बोलते. जुना मजकूर चुकीचा वाटला तरी खोडू नये. तोही इतिहास आहे. नवी नोंद मऊ पेन्सिलीने, कडेला, तारखेसह करावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जे दिसते ते आणि जे आपल्याला वाटते ते वेगळ्या ओळींत लिहावे. रंग भरलेली प्रत ठेवायचीच असेल तर तिच्यावर तसे स्पष्ट लिहावे आणि मूळ प्रत कधीही टाकू नये. मोडीचा एकही फराटा दिसला तर तो वाचून घ्यावा.

त्या फोटोच्या मागे दिरांची शाई तशीच आहे, मामंजींची पेन्सिलही. त्यांच्याखाली नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'हरिकेन विमान, इंफाळ, मे-जून १९४४. खूण दोन निळ्यांची, जपानी नव्हे. वैमानिकाचे नाव शोधायचे आहे.' गणेशोत्सवात फोटो लागला तो करड्या रंगातच, आणि शेजारी फोटोची पाठही लावली.